फडक्याचं वजन

मी फ्रिजला भोक पाडलं. भाजी चिरायच्या सुरीनं, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत.

बायकोनं त्याआधी दोनदा सांगितलं होतं की बटण बंद करा, दार उघडं ठेवा, बर्फ आपोआप सुटतो. पण आमचा फ्रिज जुना, एका दाराचा, आणि त्याच्या वरच्या खणात बर्फाचा असा थर साठायचा की आत ठेवलेला ट्रे परत मिळेल याची खात्री नसायची. मला थांबायचं नव्हतं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवत होतो आणि घन पदार्थाला कुठल्या कोनातून टोचलं की तो कुठं फुटतो, हे आपल्याला कळतं असा माझा समज होता. सुरीचं टोक थराखाली घातलं आणि मुठीवर तळहातानं एक ठोका दिला. बर्फाचा चांगला पाटीएवढा तुकडा सुटला. मी "बघ!" म्हणून बायकोला हाक मारली आणि त्याच वेळी आतून बारीक, लांबलचक 'स्स्स' असा आवाज आला. मास्तरांची पाठ वळली की वर्गात मागच्या बाकावरून येतो, अगदी तसा.

आई पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. "काय झालं रं?"

"गॅस गेला," मी म्हणालो.

तिनं 'गॅस' एवढंच ऐकलं. या वयात ती इतकी चपळ असेल असं मला वाटलं नव्हतं. शेगडी बंद केली, सिलिंडर बंद केला, तिन्ही खिडक्या उघडल्या, देवापुढची उदबत्ती तांब्यात बुडवली आणि मागच्या परड्यात जाऊन शेजारणीला ओरडून सांगितलं, "आमच्यात गॅस सुटलाय, काडी वडू नको!"

भिंतीपलीकडून आवाज आला, "कुणाला सुटलाय?"

गल्लीत ही चौकशी पुढं आठवडाभर चालू होती.

लाज वाटायचं खरं कारण मात्र वेगळं होतं. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. नव्या फ्रिजवर तेव्हा 'सीएफसी-मुक्त' असं लिहिलेली हिरवी चिकटपट्टी यायला लागली होती, कारण जुन्या फ्रिजमधला वायू आकाशातल्या ओझोनच्या थराला भोक पाडतो म्हणून सरकारनं तो हळूहळू बंद करायला घेतला होता. आणि त्याच आठवड्यात मी नववीला हाच धडा शिकवत होतो. फळ्यावर पृथ्वी काढून, तिच्यावर खडूनं छत्री धरून, घसा कोरडा करून. घरी जेवतानासुद्धा तेच सांगत होतो, त्यामुळे बायकोला सगळं पाठ झालं होतं. ती फ्रिजजवळ आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे एक थर खरवडताना दुसऱ्या थराला भोक पाडलंत. एकाच सुरीत."

संध्याकाळी मिस्त्री आले. पन्नाशी ओलांडलेला माणूस. पेठ वडगावहून रोज मोपेडवरून यायचे, आमच्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत त्यांचं एका शटरचं दुकान होतं. आमचा फ्रिज त्यांनी याआधीही बरा केला होता, गॅससुद्धा त्यांनीच भरला होता. त्यांची तपासायची रीत ठरलेली. आधी फ्रिजच्या अंगाला कान लावायचा, मग पाठीमागच्या नळीवर हात ठेवायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. आई म्हणायची, "आमच्या डाक्टरनं येवढा येळ कवा माझी नाडी धरली न्हाय."

मिस्त्रींनी वरच्या खणात बोट फिरवलं, भोक सापडलं, मग ओट्यावरच्या सुरीकडं बघितलं. ती लपवायचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"कुणी केलं?"

"झालं," मी म्हणालो.

"ह्ये आपसूक हुईत न्हाय, सर. सुरीनंच हुतंय."

"ह्यांनी केलं," बायको म्हणाली.

"तरीच. अडाणी माणूस बर्फ वितळायची वाट बघतंय."

त्यांनी भोकाच्या कडा कानसीनं घासल्या, दोन ट्यूबमधलं चिकटवायचं औषध कालवून लेप लावला आणि सांगितलं, आता हा दगडासारखा वाळेपर्यंत हात लावायचा नाही. गॅस रविवारी भरू. जुना गॅस आता सहज मिळत नाही, इचलकरंजीचा माणूस शनिवारी देतो म्हणालाय. मला राहवलं नाही. मी तिथंच ओझोनवर बोलायला लागलो. मिस्त्री ऐकत राहिले, मग खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

"ह्येच का ते बघा जरा."

सरकारी पत्र होतं. फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांसाठी सांगलीला दोन दिवसांचं प्रशिक्षण, त्या रविवारनंतरच्या बुधवारी आणि गुरुवारी. दुरुस्तीच्या वेळी जुना गॅस हवेत सोडायचा नाही, रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा. नवा गॅस अंदाजानं नाही, तोलून भरायचा. शेवटी परीक्षा आणि पास होणाऱ्यास प्रमाणपत्र.

"ह्यो कागद नसंल तर नव्या फ्रिजला हात लावू देणार न्हाईत, असं समदी म्हणत्यात," मिस्त्री म्हणाले. "आन् जुनी फ्रिजं किती दिस ऱ्हाणार? जायाचं तर हाय. खरं परीक्षेचं भ्या वाटतंय. सातवीला ईज्ञानातच गेलतो मी."

मी शिक्षक. समोर विज्ञानात नापास झालेला माणूस बसलेला, तोही स्वतःच्या तोंडानं कबूल करणारा. मला असं काही भरून आलं की बघायला नको. "रोज संध्याकाळी या," मी म्हणालो. "मी शिकवतो."

बायकोनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मिस्त्रींच्या जागी मी असतो तर तेव्हाच चप्पल घातली असती.

सोमवारपासून आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरायला लागली. बंद फ्रिजच्या दारावर मी कागद चिकटवायचो आणि पट्टीनं दाखवायचो. मिस्त्री पाटावर वही मांडीवर घेऊन बसायचे. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर नळ्या जोडायच्या गॅस-टॉर्चनं भाजल्याचा जुना पांढरा डाग होता. तो अंगठा केसाएवढ्या नळीचं टोक चिमटीत धरून जोडायचा, पण पेन धरला की अक्षर रेघेवर बसू द्यायचा नाही. मी व्याख्या लिहून द्यायचो. 'क्लोरोफ्लोरोकार्बन' हा शब्द त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून मी एक युक्ती काढली. "एसटीची पाटी समजा, मिस्त्री. कोल्हापूर-फलटण-कराड. क्लोरो-फ्लोरो-कार्बन."

आई शेगडीशी भाकरी थापत होती. ती मागं न वळता म्हणाली, "कराड आदी लागतंय की. फलटण लांब तकडं. कुठल्या गाडीत बसवालाईस त्या माणसाला?"

मिस्त्री इतके हसले की वही खाली पडली. पण नंतर त्यांनी एक प्रश्न विचारला आणि माझं हसू गेलं. "सर, ह्यो गॅस हवेपरास जड असतोय. सोडला की भुईला बसतोय, मी रोज बघतोय. मग त्यो वर कसा जातोय?"

मला माहीत नव्हतं. मी सांगितलं, "ते आपल्या अभ्यासक्रमात नाही."

एकच गोष्ट त्यांना पटत नव्हती, तोलून भरायची. त्यांची रीत अशी की गॅस भरताना पाठीमागच्या परतीच्या नळीवर तळहात ठेवायचा. नळी गार होत जाते आणि एका क्षणी तिला घाम सुटतो. तो घाम कितपत सुटला की थांबायचं, हे त्यांच्या हाताला ठाऊक. "तीस वर्सं ह्येच करालोय," ते म्हणाले. "हात काय खोटं बोलतोय व्हय?"

"हात खोटं बोलत नाही, पण अंदाज करतो," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दुसऱ्या दिवशी वर्गातही म्हणालो. "रविवारी आपण ताडूनच बघू. मी शाळेतला काटा आणतो."

रविवारी सकाळी मी प्रयोगशाळेतला काटा पिशवीत घालून आणला. लेप दगडासारखा वाळला होता. मिस्त्रींनी नळ्या जोडल्या, आतली हवा ओढून काढली. फ्रिजच्या पाठीमागच्या पत्र्यावर गॅस किती भरायचा ते छापलेलं होतं, एकशे वीस ग्रॅम. मी मिस्त्रींनी आणलेला गॅसचा लहान सिलिंडर काट्यावर ठेवला, आकडा वहीत लिहिला, तारीख घातली, खाली रेघ मारली. माझ्याइतका शास्त्रोक्त माणूस त्या सकाळी कोल्हापुरात दुसरा नसेल.

गॅस जायला लागला. आतला गॅस उडू लागला की सिलिंडर गार पडतो आणि गार पडला की गॅस हळू येतो. मिस्त्री अशा वेळी तो कोमट पाण्याच्या बादलीत धरायचे. पण आज तो काट्यावर होता. मग मला माझं ज्ञान आठवलं. मी ओट्यावरचं फडकं उचललं, गरम पाण्यात बुडवून पिळलं आणि सिलिंडरला छान गुंडाळलं. गॅस पुन्हा जोरात यायला लागला. "बघितलंत? उष्णता दिली," मी म्हणालो. मिस्त्रींनी मान हलवली. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि हात नळीवर.

"बास," थोड्या वेळानं ते म्हणाले. "घाम आला."

त्यांनी कॉक बंद केला. मी काटा वाचला. वजाबाकी केली, पुन्हा केली. आणि आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य मी सगळ्यात प्रेमळ आवाजात बोललो. "मिस्त्री, साठच गेलेत. निम्मा गॅस."

त्यांनी स्वतः येऊन काटा बघितला. वही बघितली. परत नळीवर हात ठेवला. "हात तर भरला म्हणतोय."

इथं मी गप्प बसलो असतो तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण मी पुढं समजावून सांगितलं. गॅस कमी असला की फ्रिज जास्त वेळ चालतो, मग एकाच जागी बर्फाचा जाड थर धरतो, म्हणूनच आमच्या खणात एवढा बर्फ साठायचा. सुरीचं नाव मी काढलं नाही, पण ती कुणामुळे हातात घ्यावी लागली हे सगळ्यांना कळेल अशी सोय मी करून ठेवली.

मिस्त्री पाटावर बसले. "म्हंजी तीस वर्सं लोकास्नी निम्माच गॅस घातला मी."

"तसं नाही, मिस्त्री, फ्रिज चालतायत की," बायको म्हणाली.

"चालत्यात, वैनी. खरं लोकांनी भरून दिला म्हणून इस्वास ठेवला न्हवं?"

"अजून साठ घालूया," मी म्हणालो.

"आज नको. आज माझ्या हाताचं काय खरं न्हाय." त्यांनी सामान गोळा केलं, सिलिंडर होता तसा पिशवीत टाकला. चहा अर्धाच प्यायले. दारात चपला घालताना कुणालाच नाही असं म्हणाले, "किती घरं हुतील."

दुपारपर्यंत फ्रिज झकास गार झाला. आतून काढलेल्या बाटलीला दव सुटलं. निम्म्या गॅसवर एवढं गार, यातसुद्धा मला काही वावगं दिसलं नाही.

सोमवारी सकाळी मी शाळेला निघालो होतो, तेव्हा बायकोनं आतून विचारलं, "माझं हात पुसायचं फडकं बघितलं का?"

"मिस्त्रींच्या सिलिंडरला गुंडाळलं होतं. तसंच गेलं असेल."

"कधी गुंडाळलंत?"

"काल, गॅस भरताना."

ती बाहेर आली. "सिलिंडर तोलला त्याच्या आधी का नंतर?"

मी म्हणालो, शाळेला उशीर होतोय.

जुन्या टॉवेलचे तिनं दोन सारखे तुकडे केले होते. दुसरा तिनं फडताळातून काढला, गरम पाण्यात बुडवला, पिळला आणि मी शाळेत न्यायला पिशवीत भरत असलेल्या काट्यावर आणून ठेवला. साठ ग्रॅम. काट्यावरून साठ ग्रॅम गॅस गेला होता आणि साठ ग्रॅम फडकं आलं होतं. मिस्त्रींनी डोळे मिटून बरोबर एकशे वीस भरला होता. ही बेरीज सातवीला नापास झालेल्यालाही येते.

"गुरुवारनंतर सांगतो," मी म्हणालो. "परीक्षेच्या आधी कशाला गोंधळ."

"ते परीक्षेला जातील असं वाटतंय तुम्हाला?"

मला वाटत नव्हतं, पण गुरुवारपर्यंत कबुली तरी लांबत होती. सोमवार मी तसाच घालवला. मंगळवारी शाळा सुटल्यावर दुकानावर गेलो, तर शटर खाली. शेजारच्या सायकलवाल्यानं सांगितलं, कालपासून आलेच नाहीत. मग मी स्कूटर वळवली ती थेट पेठ वडगावला. वाटेत शिरोलीच्या कारखान्यांचा धूर नाकात जात होता आणि मी तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होतो. 'उपकरणातील त्रुटीमुळे' असं एक सुरेख वाक्य हातकणंगल्याच्या फाट्यापर्यंत तयारही झालं होतं.

दारात मिस्त्रींच्या बायको तांदूळ निवडत होत्या. मी ओळख सांगितली.

"तुमीच का ते सर?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "काय सांगितलंसा वो ह्यांस्नी? काल सकाळपास्नं गावातली घरं फिराल्यात. ज्याचं ज्याचं फ्रिज केलंय त्याच्यात जायाचं, दार उघडायचं आन् पाण्याच्या बाटलीला हात लावून बघायचं. लोक हसाल्यात. सांगलीला जाईत न्हाय म्हणत्यात. चार माणसांत काटा मांडून माझा हात उघडा पाडतील म्हणत्यात."

मिस्त्री तेवढ्यात आले. चेहरा उतरलेला. मला बघून कसंनुसं हसले. "या सर. बाटल्या गारच हाईत समद्यांच्या. खरं..."

ते सुरेख वाक्य माझ्या तोंडातून निघालंच नाही. "मिस्त्री, तुमचा हात बरोबर होता," मी म्हणालो. "मी फडकं तोललं."

"काय?"

मी सगळं सांगितलं. सिलिंडर आधी नुसता तोलला, फडकं नंतर गुंडाळलं, त्याचं वजन गॅसच्या जागी बसलं. मास्तरची चूक आहे, काट्याचीसुद्धा नाही. बर्फाचंही मी मनानंच सांगितलं होतं.

ते आत गेले आणि पिशवी घेऊन आले. सिलिंडरला फडकं तसंच होतं, वाळून कडक झालेलं. त्यांनी ते सोडवलं, दारातल्या नळाखाली धरलं, पिळलं आणि त्या भाजलेल्या अंगठ्याच्या हातावर ठेवलं. डोळे मिटले. हात जरासा वरखाली केला.

"साठ," ते म्हणाले. "एकादा गिराम हिकडं-तिकडं."

मी त्यांना बायकोनं तोललेला आकडा सांगितलाच नव्हता. सांगितला, तेव्हा ते उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी फडक्यात तोंड घातलं. त्यांच्या बायको माझ्याकडं बघत होत्या. मग फडक्याआडून हसू ऐकू आलं आणि त्यांनी डोळे त्याच फडक्यानं पुसले.

"चहा ठेव गं," ते म्हणाले. "आन् माझा पांढरा शर्ट काढ. उद्या सात वाजताची सांगली गाठायची हाय."

पुढच्या रविवारी मिस्त्री आमच्याकडं आले. हातात प्लास्टिकमध्ये घातलेलं प्रमाणपत्र आणि वर्तमानपत्राची पुडी. प्रमाणपत्र त्यांनी आईच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, कपाळाला लावलं आणि शिक्क्यावरून बोट फिरवून म्हणाली, "शाई तर उठत न्हाय. पक्कं हाय." पुडी बायकोची होती. आत फडकं, धुतलेलं, इस्त्री केलेलं, चौकोनी घडी घातलेलं. आमच्या घरात फडक्याला इस्त्री पहिल्यांदाच झाली होती.

मग त्यांनी सांगलीचं सगळं सांगितलं. व्याख्या कुणी विचारलीच नाही. कोल्हापूर-फलटण-कराड वाया गेलं. जुना गॅस सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचं त्यांना एका झटक्यात जमलं. नवा गॅस भरायच्या वेळी साहेबांनी काटा मांडला, तेव्हा यांनी हात वर केला आणि म्हणाले, साहेब, आदी नळी, कॉक, काय काय ह्याच्यावर येणार हाय ते समदं ठेवा, मग आकडा धरा. साहेबांनी बाकीच्यांना थांबवून ते पुन्हा सांगायला लावलं.

"आणि हात?" बायकोनं विचारलं.

"हात नळीवर हुताच की, वैनी. काटा आन् हात, दोगंबी एकदमच बास म्हणाले." मग ते माझ्याकडं वळले. "आन् जड गॅस वर कसा जातोय त्येबी इचारलं. वाऱ्यानं घुसळून जातोय म्हणं. वर्सं लागत्यात."

मी ते मनात टिपून घेतलं. सोमवारी नववीला सांगण्यासारखं होतं.

"मिस्त्री," मी जरा खाकरून विचारलं, "तुम्हाला हे नळीसकट तोलायचं कुणी शिकवलं, असं साहेबांनी विचारलं नाही का?"

"इचारलं की."

"मग?"

"म्हटलं, आमच्यात एक मास्तर हाय. त्ये जे करतंय, ते सोडून समदं करायचं. माणूस पास हुतंय."